बुधवारचं नाव

मला सख्खे मामा दोन. एक रावेरला असतात, दुसरे आता नाहीत. पण आयुष्यात मी ज्यांना ज्यांना मामा म्हटलं ते सगळे खरे धरले, तर माझ्या आईला हजारभर भाऊ निघतील. चूक कबूल करायला बसलोय, तर इथूनच करतो. त्या हजारांतल्या एकालाही मी मामा समजत नव्हतो.

आमच्या बुऱ्हाणपुरात डोंगराकडून आलेल्या आदिवासी माणसाला शहरातला माणूस मामा म्हणतो. तो पंचवीस वर्षांचा असो नाहीतर सत्तरचा. दुकानात मामा, बसमध्ये मामा, दवाखान्यात मामा. ऐकणाऱ्याला वाटावं, काय गोड लोक आहेत, सगळ्यांशी नातं जोडतात. पण वाक्य पूर्ण ऐकायचं. "ए मामा, उधर सरक." "मामा, अंगूठा लगा." रावेरच्या मामांना मी कधी ‘ए, उधर सरक’ म्हटलेलं नाही. त्यांच्या मी पाया पडतो.

मी सरकारी दवाखान्यात बाबू आहे. जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी माझी. खिडकी म्हणजे जाळी, आणि जाळीला खाली एक चौकोनी भोक. ते भोक कुणी काढलं देव जाणे, पण बाहेरच्या माणसाला कमरेत वाकल्याशिवाय आतल्याशी बोलता येत नाही. मी आत खुर्चीवर, समोरचा वाकलेला. अशी पंचवीस वर्षं गेली. मधली सात शाहपुरला बदलीवर काढली, पण तिथलीही खिडकी याच जातीची होती.

समोरच्याला काय म्हणायचं, हे मी चेहऱ्यावरून ठरवत नसे, पेहरावावरून ठरवत असे. बोटात अंगठी दिसली की शेठजी. पांढरा सदरा, खिशाला पेन, की गुरुजी. केळीच्या बागवाल्याला भाऊ. डोक्यावर जाळीची टोपी दिसली की चाचा, आणि त्या चाचाच्या कागदावरची प्रत्येक तारीख दोनदा तपासायची. कारण विचाराल तर मला सांगता येणार नाही. म्हणजे तेव्हा सांगता येत नव्हतं. आणि डोंगराकडचा माणूस आला की मामा. त्याचा कागद तपासायचा नाही, त्याला काही विचारायचंही नाही. वेळ जातो.

ही विद्या मला आमच्या बडे बाबूंनी दिली. मी नवा लागलो तेव्हा एका माणसाचं नाव नीट कळावं म्हणून मी त्याला तीनदा विचारलं होतं. बडे बाबू पलीकडून म्हणाले, "क्यों माथा खपा रहा है? इनके यहाँ वार पे नाम रखते हैं. सोमवार को आया तो सोमवार का नाम लिख, बुधवार को आया तो बुधवार का. कौन पूछने आने वाला है?"

वारावरून ठेवलेली नावं डोंगरात असतात, हे खरं आहे. पण ज्या वारी माणूस जन्मला त्या वारावरून असतात. ज्या वारी तो माझ्या खिडकीवर आला त्या वारावरून नव्हे. एवढी गोष्ट मला तेव्हाही कळत होती. तरी मी हसलो आणि लिहिलं. पुढे तर सवयच झाली.

आणि माझं स्वतःचं काय म्हणाल, तर माझ्या आडनावात ळ आहे. आमच्या राज्यात कारभार हिंदीत, आणि हिंदीवाल्यांची ळ शी दुश्मनी. एकदा विजेच्या बिलावर माझ्या ळ चा ल झाला. मी वीज कार्यालयात चार चकरा मारल्या. तिथल्या पोराला म्हणालो, "बेटा, हा माझ्या वडिलांच्या नावाचा प्रश्न आहे. अक्षर म्हणजे काय गंमत आहे?" तो बिचारा म्हणाला, "सर, कीबोर्ड पे नहीं है." मी म्हणालो, "शोध."

अजून एक सांगून टाकतो, म्हणजे काही लपवलं असं व्हायला नको. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक दिवसाचं शिबिर झालं होतं, ‘सर्व नागरिकांशी समान व्यवहार’ अशा नावाचं. समोसा, चहा, एक फाइल आणि शेवटी शपथ. कुणाशी जात, धर्म, भाषा पाहून भेदभाव करणार नाही, वगैरे. माझा आवाज खणखणीत, म्हणून शपथ मीच पुढे उभा राहून वाचली आणि सगळ्यांनी माझ्यामागे म्हटली. शिबिराचं प्रमाणपत्र माझ्या खुर्चीमागे फ्रेम करून लावलेलं आहे. त्याच्याखाली बसून दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हणालो, "मामा, लाइन में."

आता त्या बुधवारचं सांगतो. रांग बरीच होती. एका शेठजींचं काम मी नुकतंच हसतखेळत आटपलं होतं. पुढच्या माणसाचं पागोटं जाळीतून दिसलं, तसं मी मान वर न करता म्हणालो, "हाँ, बोल मामा."

भोकातून एका मुलीचा आवाज आला. "सर, ये आपके मामा हैं?"

"क्या?"

"नहीं, आपने मामा बोला न. मैंने सोचा पूछ लूँ. रिश्तेदारी निकली तो काम जल्दी हो जाएगा."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मीही हसलो. म्हणालो, "अरे बेटा, प्यार से बोलते हैं."

"अच्छा," ती म्हणाली. "तो सेठजी को ‘आप’ क्यों बोले? उनसे प्यार नहीं है?"

आता मात्र सगळी रांग हसली. मी कागद मागितले. वेळ मारून न्यायची असली की बाबू कागद मागतो.

मुलगी बावीस वर्षांची. नर्सिंग शिकून झालेली, सरकारी दवाखान्यात नोकरी लागलेली. येत्या सोमवारी इंदूरला कागदांची तपासणी. शाळेचे दाखले, जातीचा दाखला, नर्सिंगची सनद, सगळ्यांवर वडिलांचं नाव एक. जन्माचा दाखला मात्र आजवर कुणी मागितला नव्हता. तो तिने आता काढला, तर त्यावर वडिलांचं नाव दुसरंच. तपासणीत बाप जुळला नाही तर नोकरी पुढच्याला जाणार.

मी दाखला पाहिला. वडिलांच्या नावाच्या रकान्यात बुधवारचं नाव होतं.

तरीही मी तेच म्हणालो जे मी दर वेळी म्हणतो. "ऐसा होता है. तुम्हारे पिताजी ने लिखाते समय गलत बता दिया होगा."

इतका वेळ गप्प असलेले तिचे वडील वाकले आणि भोकातून मराठीत बोलले. "मी गलत नाही सांगितलं. मले कोनी विचारलंच नाही."

मी चमकलो. माणूस माझ्याच भाषेत बोलत होता, अगदी शेजारच्या बहादरपूर गावच्या बोलीत. वीस वर्षं तिथल्या बागांमध्ये केळीचे घड कापतो आहे, मराठी येणार नाही तर काय होणार? पण मी गृहीत धरलं होतं की याला आपलं काही कळत नाही.

"तुम्हीच होते," ते म्हणाले. "तवा केस काळे होते तुमचे. मी नाव सांगाले तोंड उघडलं, तं तुम्ही म्हने, हो हो, जा आता."

जुनी रजिस्टरं मागच्या खोलीत कापडी बस्त्यात, म्हणजे गाठोड्यात, बांधलेली असतात. मी उठून गेलो. खरं तर तिथून थोडा वेळ सटकायचं होतं. बस्ता सोडला, वर्ष काढलं, पान काढलं. माझं अक्षर सुंदर आहे. साहेबलोक बदलून जातात, पण माझ्या अक्षराचं कौतुक नवा साहेबही करतो. त्या सुंदर अक्षरात एकाच पानावर, एकाच तारखेला, तीन बाळांच्या बापाचं नाव एकच होतं. गावं तीन, आया तीन, आणि बाप बुधवार. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आजही बुधवारच होता.

परत येऊन मी काय केलं? सरळ चूक मान्य केली म्हणाल, तर नाही. मी ड्रॉवरमधून छापील शपथपत्र काढलं आणि भोकातून बाहेर सरकवलं. दुरुस्ती हवी असेल तर अर्जदाराने यावर सही करायची, अशी आमची पद्धत. मजकुराचा अर्थ असा, की माझ्या अज्ञानामुळे मी चुकीचं नाव लिहवलं, त्याला मीच जबाबदार आहे. हा नमुना काही वर्षांपूर्वी मीच तयार केला होता. साहेब खूश झाले होते. चूक कुणाचीही असो, शपथपत्र नेहमी बाहेरच्याचं.

मुलीने वडिलांना वाचून दाखवलं.

"अज्ञान म्हनजे?" त्यांनी विचारलं.

"मतलब... आपको मालूम नहीं था."

"काय मालूम नव्हतं?"

तिने दाखल्यावरच्या नावाकडे बोट दाखवलं.

"माह्यं नाव मले मालूम नव्हतं?" ते म्हणाले. "असं लिहून द्याचं?"

"बाबा, कागज ही तो है. सोमवार को इंदौर जाना है. कर दो ना."

"तुह्यं नाव असतं तं तू केली असती सही. हे माह्यं आहे." त्यांनी पेन भोकाच्या कडेला अलगद ठेवलं आणि जाऊन आवारातल्या कडुलिंबाखाली बसले.

मुलगी तशीच उभी राहिली. मघाचा तिचा सगळा टवाळपणा गेला होता. "सर," ती हळू म्हणाली, "वो नहीं करेंगे. मैं जानती हूँ. दूसरा कोई रास्ता नहीं है क्या?"

रस्ता होता. कार्यालयाची चूक असेल तर बाबूने फाइलवर तशी टीप लिहायची, जुन्या रजिस्टरचा हवाला द्यायचा, साहेबाने सही करायची. शपथपत्र लागत नाही. नियम मला तोंडपाठ आहे. पण आमच्या खिडकीवर तो कधी वापरला गेला नव्हता, कारण आमची चूक कधी झालीच नव्हती. शिवाय माझी बढतीची फाइल वर गेलेली होती.

मी म्हणालो, "नहीं है."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पुढच्या माणसाचा कागद घेतला.

जेवणाच्या सुट्टीत मला राहवेना. लिंबाखाली गेलो. दोघं भाकरी खात बसले होते. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "सॉरी हाँ मामा. पुरानी बात है. साइन कर दो, लड़की के फ्यूचर का सवाल है."

त्यांनी घास संपवला. मग इकडेतिकडे पाहत म्हणाले, "कोन मामा? कोनाले सांगून राहिले?"

मी परत आलो.

संध्याकाळी बायकोबरोबर नदीवर, राजघाटावर फिरायला गेलो. आम्ही रोज जातो, तिच्या गुडघ्यांसाठी. पायऱ्यांवर बसल्यावर मी तिला सगळं सांगितलं. म्हणजे जेवढं सांगवलं तेवढं.

ती म्हणाली, "सासूबाई रक्षाबंधनाला थकून जात असतील नाही? इतके भाऊ."

"चेष्टा करू नकोस."

"बरं, नाही करत. मग सांगा, उद्या कुणी तुमच्या वडिलांचं नाव बदललं आणि तुमच्याकडूनच लिहून मागितलं, की मीच अडाणी आहे म्हणून. द्याल?"

"माझ्या वडिलांचं नाव कोण बदलणार?"

"तेच तर म्हणते मी," ती म्हणाली आणि पदर झटकून उठली. "एका ळ साठी तुम्ही त्या वीजवाल्या पोराचा जीव खाल्ला होता. चला, डास चावतायत."

त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, द्वेष म्हणजे टीव्हीवर ओरडणारी माणसं. मोबाइलवर येतात ते घाणेरडे मेसेज. ते मी पुढे पाठवत नाही, म्हणून मी चांगला. मी तर कुणावर ओरडतही नाही. मी फक्त नाव विचारत नव्हतो.

गुरुवारी सकाळी दहालाच मी टीप लिहायला घेतली. ‘संबंधित पित्याचे नाव न विचारता लिपिकाने स्वतःच्या मनाने नोंदवले. त्रुटी लिपिकाची आहे. लिपिक म्हणजे खाली सही करणारा मीच.’ हिंदीत लिहिली, पण मजकूर हाच. त्याच पानावरच्या दुसऱ्या दोन नोंदीही तशाच आहेत, हेही लिहिलं. फाइल घेऊन साहेबांकडे गेलो.

साहेब भले माणूस आहेत. वाचून त्यांनी चष्मा काढला. "तबीयत ठीक है?"

"हाँ सर."

"ये क्या लिखा है? इसका नोटिस निकलेगा, पता है? और तुम्हारा प्रमोशन ऊपर अटका पड़ा है. ऐसा करो, कंप्यूटर की गलती लिख दो."

"सर, उस समय कंप्यूटर नहीं था."

साहेबांनी विचार केला. "तो लिख दो, चूहे ने कागज कुतर दिया, नाम पढ़ने में नहीं आया."

"सर, रजिस्टर एकदम साफ है. मेरी हैंडराइटिंग है."

"हाँ, वो तो है," साहेब म्हणाले. "सुंदर है." मग टीप पुन्हा एकदा वाचून म्हणाले, "सोच लो. मैं साइन करूँगा तो फिर मैं भी कुछ नहीं कर पाऊँगा."

मी म्हणालो, करा. त्यांनी केली. नोटीस पुढे आलीच, बढतीही लांबली. त्याबद्दल काही तक्रार नाही. पानावरच्या दुसऱ्या दोघांना शोधतोय. एकाचं गाव सापडलं आहे, माणूस अजून नाही.

शुक्रवारी मी मुलीला फोन करून दोघांना बोलावलं. तीनच्या सुमारास ते आले. वडील सरळ बागेतून आले होते, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. सवयीने ते भोकाशी वाकायला लागले.

मी म्हणालो, "थांबा. वाकू नका." आणि दार उघडून बाहेर आलो. पंचवीस वर्षांत कामाच्या वेळेत मी त्या बाजूला पहिल्यांदाच उभा होतो. तिथून माझी खुर्ची बरीच उंच दिसते, आणि तिच्यामागे फ्रेममधलं ते प्रमाणपत्र.

हातात वही-पेन घेतलं. म्हणालो, "छापायच्या आधी एकदा नाव सांगा. तुमच्या तोंडून."

त्यांनी सांगितलं. मी लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"नाही," ते म्हणाले. "शेवटचं लांब म्हनाचं."

मी पुन्हा म्हटलं.

"इतकं बी लांब नाही."

रांगेतल्या एका बाईला हसू आलं. तिसऱ्यांदा जमलं. मुलीने जातीच्या दाखल्याशी एकेक अक्षर ताडून पाहिलं आणि मान हलवली. मी आत जाऊन दाखला छापला, शिक्का मारला, साहेबांची सही आणली आणि पुन्हा बाहेर येऊन त्यांच्या हातात दिला. मुलीला नाही, त्यांना. ते नाव मी इथे लिहीत नाही. एकदा न विचारता लिहिलं, ते पुरे झालं.

त्यांना वाचता येत नाही, तरी त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आज शुक्रवार आहे, बाबूजी. बघून घ्या, शुक्रवार तं नाही ना लिहिला?"

आता मात्र सगळी रांग मोठ्याने हसली. मुलगीही हसली. मलाही हसू आलं. हे असंच हसण्यावारी गेलं तर मी परत आत जाऊन बसेन, आणि उद्या पुन्हा कुणाचं तरी पागोटं दिसेल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मी त्यांचं नाव घेतलं. पूर्ण, शेवटचं अक्षर हवं तेवढंच लांब. त्यापुढे भाऊ लावलं. आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा, शपथ वाचली होती त्याच आवाजात म्हणालो, "बावीस वर्षांपूर्वी मी तुम्हाला तुमचं नाव विचारलं नाही. अज्ञान तुमचं नव्हतं, माझं होतं. परवा दुसरा रस्ता होता, तरी मी तुमच्या मुलीला नाही म्हणालो आणि तिला रडवलं. आणि तुम्हाला मामा म्हणायचो, ते प्रेमाने म्हणत नव्हतो. मला माफ करा."